गिरधर अप्पांचं खाकरणं

घरात सुना असल्या की सासऱ्यानं ओट्याशी येऊन खाकरावं, म्हणजे त्यांना डोक्यावर पदर घ्यायला सवड मिळते, अशी खानदेशातली रीत. ब्राह्मणपुरीचे गिरधर अप्पा मात्र निंबाच्या झाडापासूनच खाकरायला लागत. निंब घरापासून चांगला लांब. तेवढ्या वेळात पदरच काय, सबंध लुगडं बदलून झालं असतं.

अप्पांच्या पत्नी कौसाबाई म्हणत, "मन्हा मालक घरमा येत नही, वरात येस."

त्याला कारण होतं चहा. तीस सालच्या आसपास हे खूळ नवापूरकडून रेल्वेनं आलं आणि गावोगाव शिरलं. चहानं दुधाचं वाटोळं होतं, पोरं आळशी होतात, म्हणून समाजाच्या पंचांनी प्रकाशा गावी, तापीकाठच्या देवळाच्या आवारात बसून ठराव केला: ज्याच्या घरी चहा उकळेल त्यानं पागोटं उतरवून पंचांपुढं उभं राहायचं. ठराव मांडला होता पंच गिरधर अप्पांनी. आणि त्याच वर्षी त्यांच्या घरात नवापूरची सून आली, प्रमिला.

अप्पा खोटं बोलत नसत. तापीकाठी बसून तर नाहीच. दर बैठकीत पंचांनाही विचारणा होई, आणि अप्पा शांतपणे सांगत, "मन्ही नजरमा नही." शब्दन् शब्द खरा. लोक कानाडोळा करतात, पण त्यासाठी आधी दिसावं लागतं. अप्पा त्याच्याही अलीकडे, निंबापाशी थांबत. मुलगा गोठ्यामागे विडी ओढायचा, तर गोठ्यात शिरण्याआधी ते बैलाशीच मोठमोठ्यानं बोलत. बैलाला एव्हाना सगळ्या घराची खबर होती, अप्पांना कशाचीच नाही. घर कसं सुखात चाललं होतं.

एका वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत अप्पांनी दोन दिवस एका घोडीचा सौदा केला. घोडी घेतली नाही, पण घसा पार बसला. परतताना गाडीत लोटन अप्पा होते. हे पंचांतले सगळ्यांत कडक. त्यांनी एकाचं पागोटं खरोखरच उतरवलं होतं.

"चाल, तुन्हा घर पानी पिसू, मंग जासू," लोटन अप्पा म्हणाले.

निंबापाशी गाडी सोडली आणि आल्याचा, उकळत्या दुधाचा वास आला. गिरधर अप्पांनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर पडली. पुन्हा जोर केला, डोळ्यांत पाणी आलं, आवाज नाही. ओट्याशी पोचल्यावर काठी आपटली, तर कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन झोपलं. अप्पांचा हात आपोआप पागोट्याकडे गेला.

तेवढ्यात मागून खाकरणं ऐकू आलं. आधी बारीक, मग भरदार, मग शेवटी उगाच लांबवलेलं. आत भांडी वाजली, पावलं धावली, झाकण पडलं. खाकरत होते लोटन अप्पा.

गिरधर अप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. असं खाकरणं एका दिवसात येत नाही, त्याला घरी वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. लोटन अप्पा निंबाकडे बघत होते, जणू निंब आजच पाहिला.

दोघं ओट्यावर टेकले. परकं खाकरणं ऐकूनच कौसाबाई काय ते समजल्या होत्या; त्यांनी दोन पितळी वाट्या आणून ठेवल्या. "मालकना घसा बसना ना, प्रमिला वहूनी काढा कया."

काढा तांबूस होता, वर साय होती. लोटन अप्पांनी फुंकर घातली, घोट घेतला, मिशा पुसल्या.

दाराआडून कौसाबाईंनी विचारलं, "लोटनभाऊ, काढामा गोड कमी ते नही?"

"बेस शे, वहिनी," लोटन अप्पा दुसरा घोट घेत म्हणाले. "मन्हा घरना काढा जरा जास्त गोड असस."

दाराआड बांगड्या हसल्यासारख्या वाजल्या. गिरधर अप्पा मात्र वाटीत बघत निवांत पीत राहिले. घशाबरोबर आपले कानही बसलेत, असं त्यांनी तेवढ्यातच ठरवून टाकलं होतं.