टाकीच्या झाकणाचं भोक

भंगारातला, माती नांगरायचा डिझेलचा पॉवर टिलर मी जुनेच सुटे भाग घालून उभा केला आणि हौसेनं लाल रंगवला. पण दहा मिनिटं चालून तो बंद पडायचा. डिझेलचा पंपच गेला असं वाटलं, पण नवा परवडणार नव्हता. शेवटी मिस्त्री आले. त्यांनी टाकीचं झाकण सैल करताच सुस्स करून हवा आत शिरली.

"रंगानं झाकणाचं हवेचं भोक बुजवलंत, साहेब. जीव गुदमरला त्याचा."

बायकोनं बांगडीला अडकवलेली पिन दिली. भोक मोकळं झालं आणि टिलर परसभर धडधडत फिरला. मला हायसं वाटलं. हौसेच्या हातानं आपण कुणाकुणाचा श्वास कोंडतो!

शिकायला पुण्यात राहिलेल्या लेकीला मी दिवसातून चारदा फोन करायचो. त्या दिवशी एकदाही केला नाही.

दिवेलागणीला तिचाच आला.