डोंगा बुडला का, बाई?

त्र्याऐंशी साली गिरजाबाई धानोऱ्यापलीकडच्या रानातल्या एका गावात शिक्षिका म्हणून बदलून आल्या, तेव्हा त्यांच्यापेक्षा त्यांच्या लोखंडी पेटीचीच चर्चा जास्त झाली. उचलायला दोन माणसं लागली. आत लुगडी असतील म्हणून बाया डोकावल्या, तर निघाली नुसती पुस्तकं. बाईंच्या वडिलांनी जमवलेल्या जुन्या, जाडजूड कादंबऱ्या. मास्तरीण पागल आहे, यावर गावाचं एकमत झालं.

पागल नव्हत्या, हट्टी होत्या. रानातल्या पोरांना धडा वाचता येईना, त्यांना हे थोर साहित्य काय झेपणार, असं म्हणणाऱ्या तपासणीच्या साहेबांना त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं. शाळा सुटली की मोहाच्या झाडाखाली बसून त्या मोठ्यानं वाचायच्या आणि गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटायच्या. पुढचं ज्याला हवं, त्यानं स्वतः वाचावं. युक्ती नामी होती. पोरं पुस्तकावर तुटून पडायची, ओळीवर बोट ठेवून अडखळत पुढे सरकायची.

शेजारच्या म्हाताऱ्या शकुबाईला मात्र हे मुळीच पटत नसे. "गोष्ट अर्धी ठेवू नाई, बाई. आयकणाऱ्याचा जीव अटकते त्याच्यात." गिरजाबाई हसून सोडून द्यायच्या. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या बापाच्या लेक त्या. आत्मा-बित्मा मानायच्या नाहीत.

गोष्टींसाठी सगळ्यांत वेडी होती सुकरीची लेक चंदा. त्या पावसाळ्यात एक गोष्ट चालली होती, समुद्रावर हरवलेल्या बापाला शोधायला निघालेल्या पोरीची. समुद्र कुणी पाहिला नव्हता, पण नदीतला डोंगा सगळ्यांच्या ओळखीचा. वादळात डोंगा कलला, पोरीच्या हातचं वल्हं गेलं आणि बाईंनी पुस्तक मिटलं.

दुसऱ्याच दिवशी चंदा हिवतापानं फणफणली. बाई बघायला गेल्या, तर डोळे न उघडताच तिनं विचारलं, "डोंगा बुडला का, बाई?"

"लवकर बरी हो, मग तूच वाचून पाहा," गिरजाबाई म्हणाल्या. त्या ओढीनं तरी पोरगी उठून बसेल, असं त्यांना वाटलं. बैलगाडी दवाखान्याच्या वाटेला लागायच्या आत चंदा गेली.

मग मोहाखाली कुणी येईना. चंदा पुस्तकात जाऊन बसली आहे, असं पोरं म्हणायची आणि पेटीच्या जवळही फिरकायची नाहीत. बाई चिडल्या, समजावून थकल्या. पण स्वतः पान उलटायला घेतलं की कानाशी तो तापलेला आवाज यायचाच. भूत मानत नव्हत्या हो, पण त्या प्रश्नाचं काय करणार? 'नाही बुडला,' एवढंच तर सांगायचं होतं. दारात आलेल्या भुकेल्याला भाकर दाखवून परत पाठवावं, तसं केलं होतं त्यांनी.

दिवाळीनंतर सुकरी आली आणि ओसरीखालीच उभी राहिली. "बाई, पोरगी सपनात येऊन इचारते. मले वाचता येत नाई. तुमी चला, तिले पुढचं सांगा."

गेलं तर पोरांची समजूत पक्की होणार, त्यांना पुन्हा कुठल्या तोंडानं शिकवायचं? आणि न जावं, तर या आईला काय सांगावं? गिरजाबाईंनी पुस्तक उचललं.

रानाकाठी चंदाला पुरलं होतं, त्या मातीवर दगड रचले होते. भर उन्हात त्या तिथे वाचत बसल्या. शकुबाई येऊन मागे टेकली. लांबून झाडांआडून पोरं ऐकत होती. बाईंनी एक ओळ गाळली नाही. डोंगा किनाऱ्याला लागला तेव्हा सुकरीनं दगडावर हात ठेवला. "आयकलं ना, माय? नाई बुडला." मग ती पोटभर रडली.

त्यानंतर पोरं परत येऊ लागली. सर्वांत आधी आली रुखमा, चंदाच्याच वर्गातली. पेटीतलं सर्वांत जाड पुस्तक तिनं उचलून छातीशी धरलं. गिरजाबाईंची हरलेली बाजी हाती आली होती. पण पोरगी उंबऱ्यावर अडली.

"बाई, याच्यात शेवटी काय होते, ते पयले सांगून ठेवा."

"अगं, मग वाचण्यात मजा काय राहिली?"

"मजा नाई पायजे," रुखमा म्हणाली. "मले मधातच ताप आला तं?"

गिरजाबाईंनी तिला जवळ बसवलं आणि शेवट सांगितला.