उलटे मिस्त्री

लग्न होऊन मी सासरी आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी न्हाणीघराच्या दारापर्यंत गेले आणि तशीच मागे फिरले. दारावर पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहिलं होतं, 'मुख्याध्यापक', आणि खाली बारीक अक्षरात, 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा गं, आत कुणी नाही. साहेब निवृत्त होऊन तीस वर्षं झाली."

त्या घरातली कुठलीच दोन दारं एकमेकांची बहीणभावंडं नव्हती. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्याशा बँकेतली होती. तिला खाली पैसे सरकवायला अर्धगोल भोक होतं, आणि त्यातून शेजारीण विरजणाची वाटी आत सरकवायची. आमच्या खोलीचं दार इतकं बुटकं होतं, की माझा नवरा रोज सकाळी खोलीला नमस्कार केल्यासारखा वाकून बाहेर पडायचा. माहेरी पत्रात हे सगळं लिहिलं, तर आईला वाटलं मी सासरची चेष्टा करतेय.

हा सगळा संसार माझ्या सासऱ्यांनी जमवला होता. मी त्यांना बाबा म्हणायची; गाव त्यांना उलटे मिस्त्री म्हणायचं. बाकीचे मिस्त्री घरं बांधतात, हे घरं उतरवायचे. जुनं घर पाडायचं ठरलं की मालक यांना बोलवायचा. जगाचं काम पायापासून छपराकडे जातं, यांचं छपरापासून पायाकडे. आधी कौलं, मग वासे, मग तुळया, मग दारं-खिडक्या आणि शेवटी विटा, एकेक करून. पाडणं हा शब्द त्यांना आवडायचा नाही. "पाडतात ते झाडावरचे आंबे," म्हणायचे. "आपण घर उकलतो."

चौथीत शाळा सुटली तेव्हा ते एका ठेकेदाराकडे घण मारायला लागले होते. तिथे भिंतीला दोर लावून ओढायचे आणि भिंत धाडकन आडवी व्हायची. बाबांना त्या धुळीत एकच गोष्ट खटकायची. चुन्यात बांधलेल्या विटा ढिगातूनही अख्ख्या निघतात, आणि सिमेंटात बांधलेल्या विटा जीव देतात पण जोड सोडत नाहीत. पुढे स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा घण त्यांनी विकून टाकला. पहार, छिन्नी आणि थापी एवढ्यावर त्यांचा कारभार चालला.

नवं काम मिळालं की पहिला दिवस ते त्या रिकाम्या घरात नुसते बसून काढायचे. भिंतीला हात लावायचे, दुपारी ऊन कुठे येतं ते बघायचे, वारा कुठून शिरतो आणि कुठून निघतो ते बघायचे. रात्रीच्या जेवणाला बसलं की आम्हाला त्या घराची कुंडली ऐकायला मिळायची. छप्पर भिंतीच्या पुढे हातभर आलेलं नसेल तर भिंतीचा पाय कुजलेला असतो. वरती छताजवळ झरोका असेल तर लाकूड अजून खणखणीत असतं. पश्चिमेच्या भिंतीला सावली नसेल तर तिथला गिलावा आधी फुगतो. "घर पाहावं बांधून म्हणतात," ते म्हणायचे. "बांधून काय कळतं? घर पाहावं मोडून. बांधणाऱ्याची हुशारी आणि लबाडी, दोन्ही भिंतीच्या पोटात सापडतात."

एकदा एका डॉक्टरांचं जुनं घर उकलताना विटा त्यांच्या अंदाजापेक्षा पाव हिश्श्याने कमी निघाल्या. आधी वाटलं, कामगारांनीच विटा लांबवल्या. मग भिंतीच्या तुटक्या कडेला डोकावले, तर विटा आडव्या झोपवलेल्या नव्हत्या, कडेवर उभ्या केल्या होत्या. दोन पदर, आणि मध्ये चार बोटं पोकळी. त्या घरात पहिल्या दिवशी भर उन्हाळ्यात त्यांना डुलकी लागली होती, त्याचं कारण तेव्हा कळलं. ते कामगारांची माफी मागून आले. घरी येऊन माझ्या नवऱ्याच्या जुन्या पुस्तकांच्या विटा करून आम्हाला ती भिंत रचून दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "शाळेत असताना पुस्तकांना असा हात लावला असतात तर बरं झालं असतं."

घराला लागूनच त्यांचं आवार होतं. तिथे दारांची, चौकटींची, गजांची रांग लागलेली असायची. एका उन्हाळ्यात तिथे एक तरुण बाई दोन खिडक्या शोधत आली. इमारतींच्या रचनेचं शिकून नुकतीच बाहेर पडली होती. आम्ही तिला पुढे नकाशेबाई म्हणायला लागलो. गावाच्या टोकाला शिवणकामाचा कारखाना होता. तिथल्या बायकांनी आपल्या मुलांसाठी पाळणाघर बांधायचं ठरवलं होतं आणि पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. नकाशेबाईने नकाशा काढला होता, पण खर्चाचा आकडा त्या पैशांच्या दुप्पट होत होता.

बाबांनी नकाशा मागितला, जमिनीवर पसरला आणि उचलून उलटा ठेवला.

"बाई, पोरांची झोपायची खोली पश्चिमेला काढलीत. दुपारी भाजून निघतील."

तिला राग आला असावा. नकाशा गुंडाळून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र कोरा कागद घेऊन परत आली आणि म्हणाली, आणखी काय चुकलंय ते सांगा. बाबांनी तिला आवारात फिरवलं.

"तुम्ही भिंत काढून तिच्या मापाची खिडकी शोधताय. आधी खिडक्या बघा. त्या काय सांगतात ते ऐका, आणि मग भिंत काढा."

पुढचा आठवडाभर त्या दोघांनी सगळी दारं-खिडक्या आवारात जमिनीवर मांडून ठेवली, जणू भिंती झोपल्याच आहेत. ती मापं घेऊन कागदावर उतरवायची, आणि बाबा काठीने जमिनीवर रेघा मारायचे. भिंती डॉक्टरांच्या घरासारख्या पोकळ धरल्या. छप्पर हातभर पुढे घेतलं. झोपायची खोली उत्तरेला आली आणि पश्चिमेला स्वयंपाकघर आणि सामानाची खोली गेली. खर्च पैशांच्या आत आला. दोघंही शाळकरी पोरांसारखी खूश होती.

मग कारखान्यातल्या बायकांची बैठक झाली. मीही गेले होते, चहाची किटली घेऊन. त्यांच्या मुकादमबाई पन्नाशीच्या होत्या. गळ्यात शिंप्याची फीत कायम लटकलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मिस्त्री, आम्ही जन्मभर दुसऱ्यांनी टाकलेले कपडे घातले. आता पोरांना दुसऱ्यांनी टाकलेल्या घरात झोपवायचं?"

नकाशेबाई विटांची बचत, गारवा असं काहीबाही बोलायला गेली, बाबांनी तिला हाताने थांबवलं. घरी येऊन ते जेवले नाहीत. मला म्हणाले, "त्या बाईचं काही चुकलेलं नाही. मी उभ्या आयुष्यात हा विचार केला नव्हता."

दुसऱ्या दिवशी सासूबाई कुणाला न सांगता कारखान्यावर गेल्या आणि मुकादमबाईंना चहाला घेऊन आल्या. ज्या बाईने वीस वर्षं त्या विजोड दारांवरून नवऱ्याला टोमणे मारले, तिने त्यांना घरभर फिरवलं. कौतुकाचा शब्द काढला नाही, नुसती दारं उघडून मिटून दाखवली. मुकादमबाई मुख्याध्यापकांच्या दाराशी थांबल्या. चौकटीच्या कोपऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, जसा त्या कपड्याच्या शिवणीवरून फिरवत असतील. तिथे एकही खिळा नव्हता. लाकडात लाकूड बसवलं होतं.

"ही शिवण उसवणारी नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या कारखान्यात एवढी सफाई मागितली तर सगळ्याजणी घरी जातील." मग खुर्चीवर बसून चहा संपवला आणि अट घातली. बाकी काही जुनं लावा, पण पुढचं दार नवं पाहिजे. पोरांसाठी कुणीतरी मुद्दाम बनवलेलं.

बाबांनी जन्मात नवं दार घेतलेलं नव्हतं. ते सुताराकडे गेले आणि नव्या नवरदेवासारखे संकोचून बाकावर बसले. सुताराने ओळखून विचारलं, मिस्त्री, काय उकलायचंय? दार तयार होईपर्यंत रोज एक चक्कर मारून यायचे. त्याला त्यांनी पिवळा रंग दिला. त्या रंगाचा डबा माझ्याच हातून सांडला, म्हणून आमच्या पायरीवर कितीतरी वर्षं पिवळा डाग होता.

इमारत पाच महिन्यांत उभी राहिली. विटा बसवताना बाबांनी सिमेंटाला हात लावू दिला नाही, चुनाच वापरला. नकाशेबाईने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, धरून ठेवावं, पण हट्टाने नाही. माझी मुलगी तिथे चार वर्षं होती. दुपारी तिला आणायला गेले की मी मुद्दाम पाच मिनिटं लवकर पोचायची. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत असायचं, आणि आत सोळा पोरं सतरंजीवर हातपाय पसरून गाढ झोपलेली. वरच्या झरोक्यातून उजेड यायचा, ऊन नाही. सांभाळणारी बाईही भिंतीला टेकून पेंगत असायची. त्या पाच मिनिटांइतकी शांतता मला नंतर कुठे मिळाली नाही.

एकोणीस वर्षांनी नोटीस आली. रस्ता रुंद होणार होता आणि पाळणाघर मधोमध येत होतं. बाबा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते, गुडघे गेलेले. नकाशेबाईचे केस पिकायला लागले होते. मुकादमबाई निवृत्त झाल्या होत्या, पण कारखान्याच्या मागची मोकळी जागा त्यांनीच खेटे घालून मिळवली. बाबा म्हणाले, पाळणाघर उकलून तिकडे नेऊ, माझी खुर्ची त्याच्यासमोर नेऊन ठेवा.

अकरा दिवस ते त्या खुर्चीवर बसून होते. काठीने दाखवायचे, आता हे, मग ते. कौलं उतरली, वासे उतरले. चुन्यातल्या विटा हलक्या ठोक्याने सुटत गेल्या. सहाव्या दिवशी त्यांनी नकाशेबाईला जवळ बोलावलं. उत्तरेच्या खिडकीवर भिंतीचा भार पेलायला त्यांनी स्वतःच्या हाताने एक तुटकी फळी दडपून वर गिलावा फिरवला होता. इतकी वर्षं कुणाला कळलं नव्हतं.

"दुसऱ्यांच्या भिंतीतली लबाडी दाखवत फिरलो," ते म्हणाले. "ही माझी. लिहून ठेवा, आणि या वेळी चांगली फळी लावा."

त्यांना वाईट वाटतंय का, असं मी त्या संध्याकाळी विचारलं. ते म्हणाले, आयुष्यात इतकी घरं उकलली, पण आत काय आहे ते आधीपासून माहीत असलेलं हे एकच. डोळे मात्र पुसले, आणि धूळ गेली म्हणाले.

नवं पाळणाघर जुन्यापेक्षा एका खोलीने मोठं झालं. जुन्या शंभर विटांतल्या नव्वद पुन्हा लागल्या. पिवळं दार आता कुणाच्या दृष्टीने नवं नव्हतं, तरी मुकादमबाईंनी ते पुढेच लावून घेतलं. बाबा त्यानंतर दोन वर्षं होते. सकाळी रिक्षाने तिथे जायचे आणि ओट्यावर बसून पोरांच्या चपला जोडीने लावायचे. एका थंडीत तीन दिवस तापले आणि गेले.

माझा नवरा कॉलेजात गणित शिकवतो, मुलगी परदेशी असते. घरातलं कुणीच तो धंदा पुढे नेणार नव्हतं. नकाशेबाईने विचारलं तेव्हा आवार आम्ही तिलाच दिलं. तिथे आता तिचे विद्यार्थी येतात, दारं मोजतात, चौकटी घासतात. शनिवारी मी जाते आणि प्रत्येक खिडकीला चिठ्ठी बांधते. कुठल्या घरातली, किती रुंद, गज शाबूत की नाही.

गेल्या शनिवारी एक विद्यार्थिनी मोजणीची फीत हातात धरून माझ्याजवळ आली. आवारात नवी शेड घालायची होती. दुपारी वारा कुठून येतो, तिने विचारलं. मी गाठ मारत होते. मान वर न करता सांगितलं, कोपऱ्यातल्या चिंचेच्या झाडाकडून येतो, चारनंतर बदलतो, आणि चिंचेकडची बाजू बंद करू नका.