विश्रामचा ठेका

विश्राम ड्रमला बसण्याआधी चपला शेडबाहेर काढायचा. आंब्याचा हंगाम सरला की पेट्या भरायच्या शेडमध्ये आम्ही रॉक वाजवायचो. तिथे चपला काढणारा तो एकटाच. चिडवलं की म्हणायचा, "चामड्याला हात लावायचा तर पाय मोकळे होवेत." ड्रमला चामडं नाही, प्लॅस्टिक आहे, हे त्याला चारदा सांगून झालं होतं.

ऐंशीच्या दशकातलं रत्नागिरी. वाद्यवृंद म्हणजे गणपतीत सिनेमाची गाणी. आम्ही चौघं स्वतःची गाणी करायचो, त्यामुळे आम्हाला कुणी बोलवायचं नाही. ऐकायला पंधरा-वीस जण यायचे, तेही घरी न सांगता. विश्राम दिवसभर बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा आणि संध्याकाळी झुलता, किंचित लंगडता ठेका धरायचा. पाहुणे विचारायचे, हा ठेका कुठून आणलात? गाणी माझी, गिटार माझी, म्हणून ठेकाही माझाच, असं मी खुशाल सांगायचो. विश्राम शेजारीच असायचा. तो काठ्या आवरत बसायचा.

तीन वर्षांनी मुंबईच्या एका कॉलेजातल्या स्पर्धेचं बोलावणं आलं. तारीख नेमकी शिमग्यातली. विश्राम नाही म्हणाला. ग्रामदेवतेच्या पालखीपुढे ढोल वाजवायचा मान त्याच्या घराचा, आणि बापाचे हात आता चालत नव्हते.

"देवीचा ढोल दुसऱ्याच्या गळ्यात घालून मी मुंबयत नाचू? नाय जमायचा."

"मग ढोलच बडव जन्मभर," मी म्हणालो. बोलू नये ते बोलून गेलो. त्याने ड्रमच्या काठ्या माझ्या हातात दिल्या, चपला घातल्या आणि गेला.

मुंबईत एक पट्टीचा ड्रमवाला मिळाला. त्याचा हात अगदी सरळ, घड्याळासारखा. दुसऱ्या कडव्याला माझी बोटं अडली, गायक पुढे निघून गेला. स्वतःच्याच गाण्यात चुकून आम्ही खाली उतरलो.

परतलो तेव्हा पालखी अजून घरोघर फिरत होती. मी माफी मागू लागलो, तर ढोल न थांबवता विश्राम म्हणाला, "बोलू मागनं. आधी खांदा दे."

पालखी खांद्यावर घेतली, त्याच्या ढोलाच्या झुलत्या ठेक्यावर नाचवू लागलो, आणि माझी सगळी गाणी एकामागून एक पायांत आली. लाजेने मान वर होईना. पालखी टेकवल्यावर मी त्याला विचारलं, इतकी वर्षं हे सांगितलं का नाहीस?

बँड पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा गळ्यातला ढोल उतरवत तो एवढंच म्हणाला होता, "तू इचारलंस कधी?"