व्याह्यांनी आखलेला ब्रह्मदेश

पृथ्वीवरचा कुठलाही देश एस.टी.च्या वेळापत्रकात बसवून दाखवील असा माणूस आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो मी नव्हे. या वाक्याचा शेवटचा तुकडा लिहायला मला सात वर्षं लागली. पहिला भाग मी कुणी न विचारताही सांगत आलो. शेवटाशी आलो की मला खोकला येई, किंवा चहा गार होत असल्याचं आठवे. आता पंचाहत्तरी मागे पडली आहे, खोकला खराच येतो, तेव्हा सांगून टाकतो.

हा माणूस म्हणजे आमचे व्याही, माझ्या सुनेचे वडील. राहणार संगमेश्वरच्या बाजूचे. नोकरी एस.टी.त वाहतूक नियंत्रकाची, म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या सोडायच्या आणि त्या का सुटल्या नाहीत हे लोकांना सांगायचं. त्यांनी मनगटाला घड्याळ कधी बांधलं नाही. आमच्याकडे आले की पडवीत डोळे मिटून बसत आणि मध्येच म्हणत, "सव्वादहा. लांजा गेली." मी घड्याळ बघे, तर दहा सतरा. "दोन मिनिटं पुढे आहे तुमचं," व्याही डोळे न उघडता सांगत. मी हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस, घंटेवर आयुष्य काढलेला. पण रेडिओ लावला की माझंच घड्याळ चुकीचं निघे.

मोटारीचं त्यांना वावडं होतं. एस.टी.च्या मागच्या बाकावर आंबा घाट चढताना डबा उघडून घावन खाणारा हा गृहस्थ मोटारीत बसला की पाचव्या मिनिटाला काच खाली करून मान बाहेर काढी. पण ते कारण ते कधी सांगत नसत. "मोटारीत माणसं चार, आणि चारही ओळखीची. मग घराबाहेर पडायचं कशाला?" असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. स्वतःच्या मुलीच्या लग्नाला, आम्ही फुलं लावलेली मोटार पाठवली असताना, ते सकाळच्या गाडीने आले. वधूपिता स्टँडवरून कार्यालयापर्यंत चालत आला, काखेत नारळाची पिशवी.

त्याच लग्नात त्यांनी माझा एक अपमान केला. निदान मी तो तसा मोजला. पहिली पंगत मुलाकडच्यांची, हा रिवाज काही मी काढलेला नाही. पण पानं मांडली तेव्हा पहिल्या पंगतीला देवरुखकडचे कुणी शेतकरी पाहुणे बसलेले, दुसरीत मालगुंडची मंडळी, आणि आम्ही वरपक्ष तिसरीत. मी रागाने लाल होऊन विचारलं तर व्याही हात जोडून म्हणाले, "त्यांची साडेबाराची आहे, यांची दीडची. तुमची गाडी तर दारात उभी, तुम्हाला काय घाई?" सगळा मांडव हसला. हे १९९८ साल. मीही हसलो, पण ती तिसरी पंगत माझ्या पोटात बरीच वर्षं जिरली नाही.

मात्र त्यांचं खरं शास्त्र होतं वस्तीच्या गाडीचं. कोकणात संध्याकाळी एखाद्या आडगावी एस.टी. येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते, ती वस्तीची गाडी. व्याही तिच्याबद्दल बोलू लागले की त्यांचा आवाज मऊ होई. "बाकीच्या गाड्या उशिरा सुटतात, कारण त्या आधी कुठूनतरी यायच्या असतात. वस्तीची गाडी आलेलीच असते. आलेल्या गाडीला उशीर कसा होईल?" म्हणून परक्या गावी मुक्काम करायचा तो गाडी मुक्कामाला असते तिथेच, हा त्यांचा नियम. त्यापायी विहीणबाईंनी आयुष्यात एकाही तीर्थक्षेत्री चांगली धर्मशाळा पाहिली नाही.

तर हे गृहस्थ निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांना आमच्या रत्नागिरीतला राजवाडा दाखवायला नेलं. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला राज्यावरून काढून इथे आणून ठेवलं आणि इथेच तो वारला, हे मी शिक्षकी पद्धतीने सांगितलं. व्याही गच्चीवरून खाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे एकतर्फीच झालं की हो. परतीची फेरी राहिलीच." जन्मभर ज्याने गेलेल्या प्रत्येक गाडीची परतीची नोंद केली, त्याला ही गोष्ट झोंबली. तिथेच, त्या गच्चीवर, त्यांनी ठरवलं की राजा जिथून आला ते मंडाले आपण जाऊन बघायचं. दोघे व्याही, दोघी विहिणी. तिथे आठ दिवस, आणि एकदाही मोटारीत न बसता.

"विमान?" मी विचारलं.

"विमान चालेल. त्याला स्टँड असतो."

पुढचं वर्षभर त्यांनी ब्रह्मदेश आखला. जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूला. रत्नागिरीत तेव्हा नुकतीच इंटरनेटची दुकानं निघाली होती. तिथे बसून त्यांनी गाड्यांच्या वेळा शोधल्या, पण त्यांवर विश्वास ठेवला नाही. "लिहिलेली वेळ ही इच्छा असते, विचारलेली वेळ ही वेळ," असं म्हणून त्यांनी थेट मंडालेच्या स्टेशन मास्तरला पत्र पाठवलं. त्याचं इंग्रजी मी तपासून दिलं, माझा एवढाच हातभार. चार महिन्यांनी शिक्क्यासकट उत्तर आलं! त्या दिवशी व्याही सकाळच्या पहिल्या गाडीने ते पत्र मला दाखवायला आले आणि पुढच्या गाडीने परत गेले, पाणीसुद्धा न पिता. राजिवड्याला एक म्हातारे तांडेल होते, तरुणपणी जहाजावरून रंगूनला गेलेले. व्याह्यांनी त्यांच्या ओट्यावर चार दुपारी काढल्या. "शिमग्याच्या टायमाला जाताय, तर नदीवर भरवसा ठेवू नका हो," तांडेल म्हणाले. "पाणी उतरतं, बोट वाळूत बसते, नि मग बसा तुम्ही पण." व्याह्यांनी कॅलेंडरवर नदीशेजारी एक फुली मारली.

आम्ही गेलो. कलकत्त्यापर्यंत रेल्वे, पुढे रंगूनला विमान, तिथून मंडालेला पुन्हा रेल्वे. डबा इतका हिंदकळत होता की माझी पत्नी बर्थच्या साखळीला पदर बांधून बसली होती, आणि व्याही दाराशी उभे राहून प्रत्येक क्रॉसिंगला मान डोलवत होते. मंडालेला ते स्टेशन मास्तरला भेटले. दोघांना एकमेकांचं बोलणं कळेना. मग व्याह्यांनी पत्र काढून दाखवलं आणि तो माणूस खुर्चीवरून उठला, त्याने चौघांसाठी चहा मागवला आणि आमच्या परतीच्या गाडीची वेळ स्वतःच्या हाताने व्याह्यांच्या कॅलेंडरवर लिहिली.

राजाचा मूळ वाडा दुसऱ्या महायुद्धात जळून गेला आहे. तिथे उभा आहे तो नवा बांधलेला. पण त्यातलं एक सागवानी दालन आधीच बाहेर नेऊन त्याचा मठ केला होता, तेवढं वाचलं. तिथवर आम्ही बाकं बसवलेल्या टेम्पोतून गेलो. काळंभोर लाकूड, बोटभरही जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. दाराशी एक म्हातारा राखणदार होता. व्याही त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "तुमचा राजा आमच्याकडे होता. आम्ही रत्नागिरीचे." राखणदाराला काय कळलं कोण जाणे. त्याने व्याह्यांचा हात धरून त्यांना एका खांबापाशी नेलं आणि त्यांचा तळवा त्या लाकडावर टेकवला. दोघे तसेच उभे. बाहेर आल्यावर व्याही म्हणाले, "झाली नोंद." घोड्याच्या गाडीतून परतताना त्यांच्या तोंडावर जे तेज होतं ते मी कुठल्या सत्कारमूर्तीच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

मंडालेहून, माझ्या हट्टाखातर, बोटीने पगानला आलो. मैलोगणती देवळंच देवळं. बोट येताना दोनदा वाळूला घासली होती, पण मला नदीकाठचं हॉटेल हवं होतं, व्हरांड्यातून सूर्यास्त दिसणारं. व्याह्यांनी खोल्या घेतल्या त्या बसस्टँडसमोर, ग्रीसच्या वासात. मी भडकलो.

"व्याही, देवळांच्या देशात येऊन टायरांचं दर्शन घ्यायचं?"

"देवळं कुठे जात नाहीत हो. गाडी जाते."

"अहो, आपली परतीची बोट आहे! तिकिटं आहेत!"

"असू दे की. पण मंडालेची गाडी इथे वस्तीला असते."

दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या संध्याकाळी बातमी आली की बोट वाळूत रुतली आहे, उद्या पहाटेची फेरी रद्द. उद्याच दुपारी मंडालेहून आमची रेल्वे, परवा रंगूनहून विमान. पत्नी रडू लागली. नदीकाठच्या हॉटेलातले गोरे पाहुणे मोटारीच्या शोधात धावत होते आणि गावात मोटार नव्हती. मी व्याह्यांना शोधत स्टँडवर गेलो, तर ते लुंगीतल्या एका ड्रायव्हरबरोबर चहा पीत बसलेले. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती, पण दोघांचं छान चाललं होतं.

"चार जागा, पुढच्या," मला बघून व्याही म्हणाले. "पहाटे साडेचार. माणूस चांगला आहे. गाडी उभी केल्यावर टायरला हात लावून बघतो."

पहाटे ते सगळे गोरे पाठपिशव्या घेऊन धापा टाकत आले. गाडीभोवती गोंधळ उडाला. आणि मग मी आमच्या व्याह्यांना त्यांच्या राज्यात पाहिलं. दाराशी उभे राहून त्यांनी म्हातारे आधी चढवले, मग बायका, सामान टपावर, एक कोंबड्यांची टोपली बाकाखाली. कुणी त्यांना विचारलं नाही की तुम्ही कोण. सगळे चढले, तेव्हा घंटेची दोरी शोधायला त्यांचा हात वर गेला. दोरी नव्हती. त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि ज्या ड्रायव्हरने जन्मात आपली एस.टी. पाहिली नव्हती त्याने गाडी सोडली. गाडीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी एकला मंडाले, तीनला रेल्वे, दुसऱ्या दिवशी विमान. आठ दिवसांत आम्ही एकदाही मोटारीत पाय ठेवला नाही आणि एकही गाडी चुकली नाही.

इथवर सांगायला मला कधीच अडचण आली नाही. अडचण आहे ती पुढची.

परतल्यावर गावातल्या वाचनालयाने प्रवासाची हकिकत सांगायला आधी व्याह्यांनाच बोलावलं. ते म्हणाले, "मला भाषण येत नाही, मला फक्त घोषणा येतात. आमचे व्याही बोलतील." मी बोललो. हॉल भरला होता, फोटो दाखवले, लोक हसत होते. वस्तीच्या गाडीशी आलो आणि अध्यक्ष मध्येच म्हणाले, "वा! पण सर, स्टँडसमोर राहायचं हे डोकं कुणाचं?" व्याही तिसऱ्या रांगेत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि खरं सांगतो, मला मांडवातली ती तिसरी पंगत दिसली. मी म्हणालो, "सुचलं झालं."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्याने व्याहीच वाजवत होते. शेजारी विहीणबाईंचे हात मात्र मांडीवर होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मुलीचा बाप मुलाच्या बापाला चारचौघांत खोटं पाडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या यजमानांना ठाऊक होतं, आणि बोलण्याआधी मलाही ठाऊक होतं.

गावातल्या साप्ताहिकात 'सरांची कल्पकता' छापून आली. मग लोक माझ्याकडे बेत आखून घ्यायला येऊ लागले. कुणाला लंकेला जायचं, कुणाला मुलाकडे आखातात जाऊन पुढे इजिप्त बघायचं. मी गंभीरपणे "दोन दिवसांनी या" सांगे आणि दार लावून संगमेश्वरला फोन करी. व्याही एकच विचारत, "म्हातारे की तरणे? म्हाताऱ्यांना जिने नकोत." मग ते सांगत आणि मी लिहून घेई. माझं नाव झालं. ते सांगत राहिले.

क्षमा मागायला मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा एस.टी.ने, निदान तेवढं तरी. शेवटच्या वेळी ते आजारी होते, खाटेवर बसून कोकमाचं सरबत पीत होते. मी म्हटलं, "व्याही, एक बोलायचं होतं."

"बोला की."

आतून विहीणबाई आल्या, दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांना कळलं असावं. त्या थांबल्या, व्याही थांबले, आणि मी, पस्तीस वर्षं वर्गात उभा राहून बोललेला माणूस, म्हणालो, "यंदा उन्हाळा फार आहे."

"आहे खरा," व्याही म्हणाले. मग माझी अडचण संपवावी तसे हसून म्हणाले, "जपून जा."

महिन्याभरात ते गेले. मी बोलणार होतो ते फार मोठं नव्हतं. वाटेत, गाडीत, मी ते पाठ केलं होतं: व्याही, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुमचं श्रेय घेतलं, चुकलो, आणि हे पुन्हा सगळ्यांसमोर सांगायला मी तुम्हाला माझ्याबरोबर रत्नागिरीला न्यायला आलो आहे.