मला न चालणारी गोळी

बायको गेल्यावर मी पहिल्यांदा एकटा दवाखान्यात गेलो तो पायामुळे. लाकडं ठेवायच्या खोपटाचा गंजका पत्रा नडगीला लागला होता. ओरखडाच तो, म्हणून मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग नडगी लाल झाली, तापली आणि संध्याकाळी अंगात कणकण भरली. ही असती तर ओरखड्याच्या दिवशीच आरडाओरडा झाला असता. आता लोणावळ्याजवळच्या वलवणच्या आमच्या घरात आरडाओरडा करायला मीच, आणि मला माझं ऐकायची सवय नाही.

शेजारचे भाऊ मला लंगडताना बघून आले आणि खिशातून गोळ्यांची अर्धवट पट्टी काढून माझ्या हातात ठेवली.

"ह्या घ्या. माजा पाय सुजलावता तवा डाक्टरनं दिलत्या. बरं वाटलं, मी सोडून दिल्या. ऱ्हायल्याल्या तुमच्या कामाला आल्या बगा."

भाऊंचा जीव चांगला. मी पट्टी शर्टाच्या खिशात टाकली. उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही, हा औषधांचा एवढा एकच नियम मला ठाऊक, आणि एकट्यासाठी भात टाकायचा मला भयंकर कंटाळा. त्या संध्याकाळी जेवलो नाही, म्हणून गोळीही राहिली. माझ्या आळसानं माझं भलं केल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

सकाळीही ताप होताच, तेव्हा लोणावळ्याच्या बाजारात डॉक्टरांकडे निघालो. शनिवार होता. रस्ता पाहुण्यांच्या गाड्यांनी तुंबलेला. एका गाडीची काच खाली झाली आणि आतल्या पोरीनं विचारलं, "काका, पॉइंट किधर है?" आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाला कुणी काही विचारलंच, तर एवढंच.

डॉक्टरांनी नडगी दाबून पाहिली. जखमेत जंतुसंसर्ग झालाय, अँटिबायोटिक लागेल, म्हणाले. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?"

मी शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं. सवयच तशी. मी रेल्वेत नोकरीला होतो तेव्हापासून आमची वाटणी ठरलेली: दवाखान्यात जीभ मी दाखवायची आणि उत्तरं हिनं द्यायची. पोट साफ होतं का, हेसुद्धा डॉक्टर हिलाच विचारायचे. आज स्टुलावर माझी कापडी पिशवी होती.

"आहे," मी म्हणालो. "पण कशाची ते ठाऊक नाही."

आम्ही घोरावाडी स्टेशनजवळ राहायचो तेव्हाची गोष्ट. घसा धरला म्हणून एक गोळी घेतली आणि बघता बघता अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दवाखान्यात नेताना रिक्षात हिनं माझा हात असा आवळून धरला होता की तिच्या बांगडीचा वळ उठला. मला रिक्षा आठवते, वळ आठवतो. गोळीचं नाव मात्र मी कधी विचारलंच नाही, कारण ते हिला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे साधं प्रकरण नाही. तीच गोळी पुन्हा पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. अंदाजानं द्यायला नको. घरी कुणाला माहीत असेल?"

घरी! मूलबाळ आम्हाला नाही. बाहेरच्या बाकावर येऊन मी फोन काढला. ठाऊक असलं तर एकाच माणसाला असणार, हिच्या धाकट्या बहिणीला. ती आंदर मावळात दिलेली, शेतीवाडी बघते. ही गेल्यावर ती मला फोन करायची आणि मी उचलत नसे. दोघी बहिणींचा आवाज एकच. एकदा उचलला, ती नुसतं "जेवला का?" म्हणाली आणि मला मटकन खाली बसावं लागलं. तेव्हापासून फोन वाजला की मी तो वाजू देत असे. आज नाइलाज होता.

"दाजी?" ती म्हणाली. "बरं हाय न्हवं?"

मी काय झालंय ते सांगून नाव विचारलं. ती क्षणभरही अडखळली नाही.

"पेनिसिलिन. त्या जातीची कुटलीच गोळी तुमाला चालत न्हाई. डाक्टरला फोन द्या, मी सांगते."

तिच्याशी बोलून डॉक्टरांनी वेगळ्या जातीची गोळी लिहिली. तेव्हा कुठे मला खिशातली पट्टी आठवली. मी ती टेबलावर ठेवली. मागचं नाव वाचून ते माझ्याकडे बघतच राहिले.

"ही घेतली नाहीत ना?"

"जेवलो नव्हतो."

"त्याच जातीतली आहे ही."

वलवणच्या त्या घरात माझा श्वास वाजायला लागला असता, तर तो ऐकायला कोण होतं? मी खरोखर घाबरलो. डॉक्टर एरवी गरीब स्वभावाचे, पण त्या दिवशी मास्तरासारखे बोलले. "दुसऱ्याची उरलेली गोळी घ्यायची नाही, आपली कुणाला द्यायची नाही. वेळ चुकवायची नाही. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाही. आणि अंगावर काही उठलं, धाप लागली, तर गोळी बंद करून तडक दवाखाना गाठायचा." पट्टी त्यांनी ठेवून घेतली. ती परत मिळाली नाही म्हणून भाऊ पुढे थोडे रुसले.

मेहुणीचा रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. "गोळी घेतली का?" मी उचलत होतो. पहिल्या एक-दोन वेळा डोळे मिटून घ्यावे लागले, मग जमलं. गोळी जेवणानंतरची, त्यामुळे भातही टाकावा लागे. ताप गेला, पायाची लाली उतरली, तरी मी एकही गोळी चुकवली नाही. खरं सांगायचं तर गोळ्या संपत आल्या तसं मला वाईट वाटायला लागलं. गोळ्या संपल्यावर तिला विचारायला उरणार काय?

शेवटची गोळी घेतली त्या संध्याकाळी मीच तिला विचारलं, "तुझ्या बरं ते नाव इतकं ध्यानात राहिलं?"

ती म्हणाली, "आक्का शेवटाला दवाखान्यात हुती न्हवं, तवा माज्याकडनं पाठ करून घेतलं तिनं. म्हनली, त्यांच्या ध्यानात न्हाई ऱ्हायाचं, तू ठेव. मी भेटाय गेले की पयलं त्येच. सांग बगू, म्हनायची."

मी समजत होतो, ही जाताना माझ्याबद्दलचं सगळं बरोबर घेऊन गेली. हिनं तर ते बहिणीपाशी ठेवलं होतं, आणि मी तो फोन वाजू देत होतो.

"दाजी, मी बी काय जल्माला पुरनार न्हाई. आता तुमी पाठ करा. म्हना."

घरात कुणी नव्हतं, तरी मला लाज वाटली. "पेनिसिलिन," मी म्हणालो.

"परत म्हना," हिच्याच आवाजात पलीकडून आलं.

मी परत म्हणालो.