स्टेजवर बंद केलेलं खातं

सुरेखाताईंच्या निलंबनाच्या पत्रावर फक्त एमडींची सही व्हायची होती. पत्राला आधार होता माझ्या ऑडिट रिपोर्टचा.

वडवणीजवळचा साखर कारखाना. ऊसतोडणीची क्रमवारी सर्व्हरवरच्या एका फाइलीत असते. उमापूरच्या एका शेताचा नंबर ठरल्यापेक्षा बारा दिवस आधी आला होता. फाइल बदलू शकणाऱ्या तिघांपैकी दोघं रजेवर. उरल्या ऑपरेटर सुरेखाताई. बाकी सगळी खाती बंद, असं मीच लिहून दिलं होतं.

"मी हात बी लावला न्हाई, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमी परत बघा की."

"रिपोर्ट आलाय ना?" एमडी म्हणाले. त्यांनी पेन उघडलं.

"दहा मिनिटं द्या," मी म्हणालो. मला एक गोष्ट आठवली होती आणि ती सांगण्यासारखी नव्हती.

लॉगिन झालेल्या माणसाला सर्व्हर ज्या प्रोग्रामच्या हवाली करतो, तो शेल. बंद खात्याला 'नोलॉगिन' शेल द्यायचा. तो आलेल्याला दारातूनच परत पाठवतो. माझं टूल हे तपासतं. पण त्याच्या यादीत नोलॉगिनचा जुना पाथ, म्हणजे सर्व्हरवरचा पत्ता होता; सर्व्हरवर नवा. त्यामुळे नीट बंद केलेल्या खात्यांवरही वॉर्निंग येत होत्या. यादीत एक ओळ वाढवायची सोडून मी कंटाळून तो चेकच बंद केला होता.

ओळ वाढवली. चेक चालू केला. एकच वॉर्निंग उरली: निवृत्त सिस्टिम मॅनेजरांचं खातं. निरोप समारंभात, शाल-श्रीफळानंतर, चेअरमनांच्या हस्ते स्टेजवर ते बंद झालं होतं. टाळ्यांच्या गजरात लॉक झाला तो फक्त पासवर्ड. शेल तसाच होता. त्यांच्या लॅपटॉपवर की-फाइल, म्हणजे सर्व्हरची डिजिटल किल्ली होती; ती असली की सर्व्हर पासवर्ड विचारतच नाही. लॉगिनच्या नोंदीत त्यांचं नाव होतं. फाइल बदलली त्याच दुपारी.

एमडींनी स्पीकरवर फोन लावला.

"मीच केलंय की," पलीकडून निवांत आवाज. "पाव्हण्याचा ऊस वाळत हुता."

"खातं बंद होतं ना तुमचं?"

"लॉगिन व्हतंय म्हणल्यावर बंद कसं म्हणायचं?"

एमडींनी पत्र फाडलं. क्रमवारी पूर्ववत झाली. माझी चूक मी सुधारित रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिली. सुरेखाताईंनी ती दोनदा वाचली.

"हे आधीच बघायचं व्हतं, साहेब," एवढंच म्हणाल्या. चहा विचारला नाही.

आता मी प्रत्येक बंद खात्यातून आत शिरून बघतो आणि मगच 'बंद' लिहितो. वेळ लई जातो. कुणी टाळ्या वाजवत नाही.